पिवळ्या फितीचा ट्रान्समीटर

जबाब, पुणे शहर, दि. २१ नोव्हेंबर २००६

नाव शैला उत्तरेश्वर लोखंडे, वय ३४ वर्षे, व्यवसाय नोकरी, हिंजवडी येथील सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचे काम, राहणार वारजे, पुणे.

मी आज स्वतः पोलीस ठाण्यात येऊन उपनिरीक्षक कुसुम भालेराव मॅडम यांच्यासमोर सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझी आई वेणूबाई अशा दोघी राहतो. माझे वडील उत्तरेश्वर लोखंडे हे पिंपरीच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या कामाला होते. ते सन १९९८ मध्ये हृदयविकाराने वारले. माझे काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचे आहे. सवयीने मी घरीदारीही चुका शोधते आणि सापडली की सोडत नाही. हे वाक्य घ्यायचे का, असे लेखनिक हवालदारांनी विचारले. मी घ्या म्हणाले, कारण पुढचे सगळे रामायण त्यातूनच घडले आहे.

वडिलांना रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवण्याचा नाद होता. विमान स्वतः लाकडातून घडवायचे, त्यात इंजिन बसवायचे आणि हातातल्या ट्रान्समीटरच्या दोन दांड्यांनी ते आकाशात फिरवायचे, असा तो प्रकार आहे. त्यांच्यासोबत श्री. सीताराम आगटे, वय ७१, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार कर्वेनगर, हेही असत. रविवारी आम्ही तिघे लोणी काळभोरच्या पुढच्या माळावर जात असू. आगटे काकांनी पुढे विमाने सोडली आणि जुने ट्रान्समीटर जमवायला घेतले. त्यांच्या घरी एक आख्खी खोली या संचांनीच भरलेली आहे. कोणी माळ्यावरून, कोणी जुन्या बाजारातून संच आणतो आणि काका तो ओळखून देतात. नाव खरवडले गेलेले असले तरी दांडीची खाच, एरियलचा सांधा, पेटीचे स्क्रू पाहून बनावट व साल सांगतात. "नाव पुसलं तरी घराणं पुसत नाही," असे ते म्हणतात. संचांचे काय असेल ते असो, माणूस फटकळ आहे, हे मी लहानपणापासून जाणते.

माझ्याकडे माझा स्वतःचा एक संच होता. वडिलांनी तो मला मी तेरा वर्षांची असताना दिला. त्याच्या एरियलला पिवळी फीत आहे. प्रत्येक संचाची एक लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ठरलेली असते आणि त्या लहरीचा रंग एरियलला बांधतात, म्हणजे एकाच रंगाचे दोन संच कोणी एकदम चालू करत नाही. केले तर विमान कोणाचेच ऐकत नाही, सरळ खाली येते. वडिलांच्या संचालाही पिवळीच फीत होती. शिकवताना आमचे दोन संच वायरने जोडलेले असत. तेव्हा मी दांडी हलवली की हुकूम वायरने त्यांच्या संचात जाई आणि तिथून विमानाला. मी चुकले की ते दाबून धरलेले बटण सोडून विमान आपल्या ताब्यात घेत. चुकायचे म्हणजे मी बरेच चुकत असे. वायर काढायची म्हटले की मी नको म्हणत असे.

एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर वायर काढून खिशात टाकली. म्हणाले, "आता तू एकटी. मी मागे आहे. विमानावरची नजर काढायची नाही, मागे वळून बघायचं नाही." मी एकटीने विमान उडवले. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटे होते आणि शिकाऊ माणूस हमखास तिथेच पाडतो. त्या वळणावर मी गडबडले, पण विमान सावरले. उतरवलेही. वडील म्हणाले, "बघ, तुझं तूच सावरलंस." आगटे काकांनी तेव्हा आमचा फोटो काढला. ही गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत सांगितली होती. त्यानंतरही जिथे घाबरण्यासारखे काही आले, तिथे मी ती मनात स्वतःला सांगत आले आहे.

यंदा गणपतीनंतर मी सदर संच आगटे यांच्याकडे दिला. त्यावरची अक्षरे गेली होती म्हणून तो ओळखून द्यावा आणि चालू करून द्यावा, असे सांगितले. मला पुन्हा विमान उडवायचे होते. दिवाळीच्या आधी मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधून संच माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "जपानी आहे, सत्तर सालच्या पुढचा. चालायचा नाही. शोकेसमध्ये ठेव आणि रोज पूस." का चालायचा नाही, असे मी विचारले. दुरुस्त करा म्हटले तर म्हणाले, "उघडायचा नाही. मीही नाही, तूही नाही." त्याच वेळी त्यांच्या फळीवर हुबेहूब माझ्यासारखा संच मी पाहिला. त्यालाही पिवळी फीत होती आणि तो चालू होता.

मी माझा संच बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराला दाखवला. त्याने न उघडता, बाहेरूनच मीटर लावून सांगितले की दिवा लागतो, काटा हलतो, पण यातून लहर बाहेर पडत नाही. आत रेडिओचा भागच नसणार, कोणीतरी काढून घेतला असेल, जुन्या भागांना शौकिनांकडे चांगली किंमत येते. मला तिडीक आली. हवालदारांनी "राग आला" असे लिहिले होते, ते मी बदलून घेतले.

त्याच संध्याकाळी मी आगटे यांच्या घरी जाऊन, माझ्या संचाचे आतडे तुम्ही तुमच्या संचात घातले, असे तोंडावर सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "आपण सुशिक्षित आहात. चोर म्हणायचं असेल तर जिन्यात उभं राहून म्हणा, म्हणजे चारही मजल्यांना ऐकू जाईल. माझं पेन्शन कमी होत नाही." मला ते लहानपणापासून तू म्हणतात. त्या दिवसापासून आपण म्हणू लागले. मग संच आत्ता माझ्यासमोर उघडा, असे मी म्हणाले. त्यांनी नकार दिला. चोराच्या मनात चांदणे, असे मी धरले. धरू नये तर काय करावे?

मी घरी येऊन विमानशौकिनांच्या ई-मेल ग्रुपवर सर्व हकीकत नावानिशी टाकली. त्यानंतर लोकांनी आगटे यांच्याकडे संच पाठवणे बंद केले. एका शाळेत त्यांच्या संग्रहाचे प्रदर्शन ठरले होते, ते शाळेने रद्द केले. हे मला ग्रुपवरूनच कळले, आणि बरे झाले, असे मला वाटले. आगटे यांनी ग्रुपवर एक ओळही लिहिली नाही. आईने मला दोनदा सांगितले की सीतारामभाऊ तसा माणूस नाही. मी आईला म्हणाले, तुला यातले काय कळते. त्यानंतर मी या ठाण्यात तक्रार अर्ज दिला. संच माझाच आहे याचा पुरावा म्हणून वर सांगितलेला फोटो अर्जाला जोडला.

आज सकाळी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावले. समोरच्या चहावाल्याला व त्याच्या एका गिऱ्हाइकाला पंच म्हणून बसवले आणि संच उघडायला घेतला. आगटे मॅडमना म्हणाले, "माझी विनंती आहे, उघडू नका. मी लिहून देतो की भाग मी काढला. काय दंड असेल तो सांगा." हे ऐकून मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, बघा, कबूल झाले.

मॅडम म्हणाल्या, कबूल झाले तरी बघावे लागेल. संच पालथा केला. मागच्या सगळ्या स्क्रूंवर मरून रंगाचे नेलपॉलिश होते. ते कुठेही तडकलेले नव्हते. इंजिनाच्या हादऱ्याने स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून वडील सगळीकडे ते लावत. आमच्या मिक्सरलाही आहे. आईच्या टेबलावरची ती बाटली कायम अर्धी रिकामी असे आणि त्यावरून रोज भांडण. नेलपॉलिश न फोडता स्क्रू फिरत नाही. म्हणजे वडिलांनंतर हा संच कोणीही उघडलेला नव्हता. हे मला मॅडमच्या आधी कळले.

पंचांसमक्ष स्क्रू काढले. आत दिव्याची आणि काट्याची वायर होती, दांड्यांपासून वायर जोडण्याच्या खोबणीपर्यंत तारा होत्या. रेडिओच्या भागाच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला होता. वजन भरावे म्हणून असणार. ठोकळ्याच्या कडा पॉलिशपेपरने घासून गोल केलेल्या होत्या. झाकणाआड जाणाऱ्या लाकडाला कोणी असे घासत नाही. माझे वडील घासत.

हा संच वायर असतानाच चालणारा होता. वायरविना त्याला आवाज नव्हता, मला दिला तेव्हाही नव्हता. मग वायर काढल्यावर विमान कोण उडवत होते, असे मी विचारले. अर्जाला जोडलेला फोटो टेबलावरच होता. तो माझ्या ऑफिसच्या टेबलावरही आहे, मी तो रोज पाहते. पाहते म्हणजे माझाच चेहरा पाहते. आज मागे पाहिले. माझ्या मागे वडील उभे आहेत, संच त्यांच्या हातात आहे आणि त्याचे एरियल पूर्ण बाहेर काढलेले आहे. त्याला पिवळी फीत आहे. माझ्याही एरियलला आहे. दोन पिवळे एकदम चालू असते तर विमान पडले असते. ते पडले नाही. नुसते पाहून मुके संच ओळखणारा माणूस समोर बसला होता आणि मी त्याला चोर म्हटले होते.

आगटे काका मॅडमना म्हणाले, "झालं समाधान? म्हणून म्हणत होतो, उघडू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, तो विमानाकडे बघतच नव्हता. तुझ्या अंगठ्यांकडे बघत होता. तू जे करशील तेच तो करत होता. विमानाकडे मी बघत होतो आणि त्याच्या कानात सांगत होतो. सगळं तूच उडवलंस. एक वळण सोडून." कोणते वळण, ते मी विचारले नाही. वडिलांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता की पोरीला हे मीच सांगेन, मोठी झाली की. सांगणे लांबत गेले आणि वडील गेले. "त्याने सांगितलं नाही, मग मी कोण सांगणारा?" असे काका म्हणाले. या शब्दापायी प्रदर्शन गेले, लोकांचे येणे-जाणे तुटले, तरी त्यांनी तोंड उघडले नाही, उलट चोरी अंगावर घ्यायला निघाले. मला रडू आले. मॅडमनी चहा मागवला.

माझी श्री. आगटे यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांनी माझ्या संचातून काहीही काढलेले नाही. मी केलेला आरोप खोटा आहे आणि तसे मी आजच नावानिशी ग्रुपवर लिहीन. शाळेतही स्वतः जाऊन सांगेन. हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "शाळेत जाऊ नकोस, तिथे मुलं घाबरतील." म्हणजे त्यांनी मला माफ केले, असे मी समजते.

चहा पिताना मी त्यांना म्हणाले की काका, म्हणजे मी कधीच एकटीने उडवले नाही. ते म्हणाले, "मूर्ख आहेस. पुढच्याच रविवारी विमान वर असताना त्याने स्वतःचा संच, खरा, माझ्या फळीवर आहे तो, तुझ्या हातात दिला. 'धर जरा, पाणी पिऊन येतो' म्हणाला आणि पार स्कूटरपर्यंत चालत गेला. मी शपथेवर सांगतो, त्याच्या हातात बाटली होती, पण घोटभरही प्यायला नाही. तू समोरून येणारं विमान वळवलंस, उतरवलंस, आणि डबा कुठाय म्हणून विचारलंस. तो मला म्हणाला, आगटे, तिला कळलंसुद्धा नाही. रडत होता गाढव."

मला त्या रविवारचे काहीही आठवत नाही. खूप प्रयत्न केला. ऊन होते की ढग, विमान कोणते होते, डब्यात काय होते, काही नाही. जे मी एकटीने उडवले नाही ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. जे उडवले ते मी, कोणाची पिशवी पाच मिनिटे धरावी तसे धरले आणि परत दिले.

याचा अर्जाशी संबंध नाही, हे जबाबात नको, असे मॅडम म्हणाल्या. मी म्हणाले, बाकीचे खोडा हवे तर, हे राहू द्या. त्यांनी राहू दिले.

हवालदारांनी वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या रविवारचा भाग मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. बाकीचाही बरोबर आहे.

(सही) शैला उत्तरेश्वर लोखंडे