यंदाचा रोट

सुशांत : पुन्हा सांग. गोपाल नेमकं काय म्हणाला?

गायत्री : किती वेळा सांगू? म्हणाला, घरी कानबाई बसवून राहिलो. संध्याकाळी तुझ्या त्या सुशांतला रोट खायला घेऊन ये.

सुशांत : माझं नाव घेतलं?

गायत्री : घेतलं. आणि हसला. आबा गेल्यापासून आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. आता तू पर्वत पाटियाच्या या दुकानात सोडाच पीत बसणार, की उठणार? नवागामला पोचेपर्यंत दिवेलागण होईल.

सुशांत : मागच्या महिन्यात याच भावानं तुला कोंडून ठेवलं होतं. जयभीमवाल्याचं नाव काढलं तर तंगडं तोडीन म्हणाला होता.

गायत्री : तेव्हा राग होता. मी कानबाई देवीला मागणं घातलं, सुशांत. हस आता.

सुशांत : हसत नाही.

गायत्री : नेहमी हसतोस. प्लेगच्या साली आबा तापानं फणफणले, अर्धी सुरत गावाला पळालेली, तेव्हा तू त्यांना पाणी पाजत होतास. आबा म्हणाले, देवानं धाडलं रे तुला. तर तू काय म्हणावं? नाही काका, कारखाना बंद होता म्हणून आलो. त्या तापातही हसले होते.

सुशांत : त्यांना माझं वाकडं बोलणं चालायचं. माझ्या आईला नाही चालत. बुद्धासमोरही हात जोडत नाहीस म्हणून रोज ऐकवते.

गायत्री : मग आजही जोडू नको. नुसता रोट खा. गव्हाची जाड पोळी असते. पोळीला तर मानतोस ना?

सुशांत : रोट कोणाला देतात?

गायत्री : भाऊबंदांना.

सुशांत : फक्त भाऊबंदांना. माझी आई तुमच्या लोकांच्या अंगणात राबलीय, तिला पक्कं ठाऊक आहे. उरलेला तुकडासुद्धा परक्याला देत नाहीत, पुरून टाकतात.

गायत्री : म्हणून तर. रोटाला बोलावलं म्हणजे तुला घरातला धरलं. याच्याहून मोठं भाऊनं आणखी काय बोलावं?

सुशांत : आबांना जाऊन वर्ष झालं का?

गायत्री : वर्ष कुठलं? होळीच्या आधी गेले. खांदा द्यायला तूच तर पुढे झाला होतास, भाऊनं मागे सारलं.

सुशांत : मग दुखवट्याच्या वर्षात तुमच्याकडे कानबाई बसते?

गायत्री : असं का विचारतोस?

सुशांत : बसते का, तेवढं सांग.

गायत्री : नाही बसत. पण भाऊ म्हणाला ना.

सुशांत : तू मांडलेली पाहिलीस?

गायत्री : पुढच्या खोलीत मांडणार होते. चुलत्याचा उखाभाऊ आलाय गावाहून, आणखी दोघं आलेत. मला सकाळीच गोडादऱ्याला पाठवलं, मावशीकडे टिकल्या लावायच्या साड्या पोचवायला.

सुशांत : आणि रोटाचे गहू? घरातल्या एकेकाच्या नावानं मूठ घेतात ना? कोणी घेतले, कोणी दळले?

गायत्री : माहीत नाही.

सुशांत : सणाच्या तळणाची कढई चढली चुलीवर?

गायत्री : आबा गेल्यापासून नाही चढली.

सुशांत : माय काय करत होती?

गायत्री : डोळे पुसत होती. मला वाटलं, आबांची आठवण आली. मी म्हटलं, माय, आज रडू नको, आज सण आहे. तर तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

सुशांत : गायत्री.

गायत्री : मला कसं कळलं नाही? मी सगळं पाळणारी. आणि हे तू मला सांगून राहिलास.

सुशांत : तुला घर परत पाहिजे होतं.

गायत्री : भाऊ कानबाईच्या नावानं असं करील?

सुशांत : मला नाही ठाऊक. पण त्या घरी आज मी येणार नाही, आणि तूही जाऊ नकोस. इथूनच स्टेशनला जाऊ. भुसावळला काका आहेत माझे.

गायत्री : माय त्यांच्यात एकटी आहे. मी परतले नाही तर सगळं तिच्यावर काढतील.

सुशांत : आणि परतलीस तर?

गायत्री : मी बहीण आहे. मला काही करणार नाहीत.

सुशांत : खात्री आहे?

गायत्री : नाही. ती मोपेड पाहिलीस? भाऊ आहे. इथंच भेटणार म्हणून मीच सांगून आले होते.

सुशांत : येऊ दे. मी समोरासमोर बोलतो.

गायत्री : बोलणं त्याला पाहिजे असतं तर असं बोलावलं नसतं. तू त्या ताडपत्रीमागे हो. आणि मी काही बोलले तरी बाहेर येऊ नको. माझ्यासाठी एवढं ऐक.

(सुशांत दुकानामागच्या ताडपत्रीआड जातो. गोपाल मोपेड बंद न करता थांबतो.)

गोपाल : एकटीच?

गायत्री : वाट पाहून राहिले, भाऊ. आला नाही.

गोपाल : दोन ग्लास दिसतात.

गायत्री : दोन्ही मीच प्यायले. किती उकडतंय.

गोपाल : कानबाईची शपथ घे.

गायत्री : एवढ्याशासाठी?

गोपाल : घे. लहानपणी गूळ चोरलास तरी शपथेला भ्यायचीस. तू खोटी शपथ घेणार नाहीस, तेवढं मला माहीत आहे.

गायत्री : कानबाईची शपथ. तो आला नाही.

गोपाल : बस मागे. उखा दारातच उभा आहे.

गायत्री : चल.

गोपाल : मला वाटलं होतं, कानबाईचं नाव ऐकलं म्हणजे बिनधास्त येईल.

गायत्री : तो देव मानत नाही, भाऊ.