सुन्याचे ठोके माझ्या कानात

हसू नका रे, त्या सकाळी माझी जाम फाटली होती. मी आणि शेजारचा सुन्या शिवमंदिराकडे धावायला निघालो होतो. दोघांच्या छातीला ठोके मोजायचे सारखेच पट्टे, ज्याचा त्याच्या मोबाइलला जोडलेला. ठोके फार वाढले की ॲप कानातलं गाणं संथ करतं, म्हणजे आपणही दमानं घ्यायचं.

मी रमतगमत धावत होतो, तरी गाणं मंदावलं. चालायला लागलो, तर आणखी मंद. घाबरून कट्ट्यावर बसलो, तर पार रडगाणंच झालं. म्हटलं, संपलं आपलं.

सुन्या माझ्यासमोर जागच्या जागी उड्या मारत म्हणतो, "काय रे, म्हातारा झालास? माझं गाणं बघ, कसलं सुसाट पळतंय!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काल घामाचे दोन्ही पट्टे धुऊन त्याच्याच दोरीवर वाळत घातले होते.

"सुन्या, बस खाली! हे ठोके तुझे आहेत!"

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आता आम्ही फक्त चालतो, पण पट्टे मुद्दाम अदलाबदल करूनच बांधतो. गाणं जरा मंदावलं की मी ओरडतो, आणि सुन्या मला शिव्या घालत खाली बसतो.