कावेरीच्या अलीकडचं इंजिन

इंजिनातलं आमच्या घरात कुणाला कळत असेल तर माझ्या बायकोला, आणि तिने जन्मात स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला नाही.

तंजावुरात एसटीडी बूथ नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. माझा मित्र सेतूराव आणि मी, आम्ही दोघांनी मिळून रिमोटवर उडवायचं, नवशिक्यांसाठीचं विमान बांधलं होतं. इंजिन माझा मेहुणा सिंगापूरहून आणणार होता. फोनवर त्याने विचारलं, "लहान चाळीसचं आणू की मोठं साठचं?"

सेतूराव म्हणाला, "साठ सांग. जोर हवा."

"अरे, आपल्याला अजून उडवता कुठे येतं?"

बूथमध्येच आमची जुंपली. शेवटी बायकोने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "दादा, लहानच आण. पडलं तर कावेरीच्या अलीकडे पडायला पाहिजे."

लहान इंजिन आलं, आणि पहिल्याच रविवारी कावेरीकाठी तिरुवैयारूला, सासऱ्यांच्या शेतावरून विमान झकास उठलं, नारळांवरून गेलं, नदीकडे वळलं आणि काठावरच्या चिखलात नाक खुपसून बसलं. पंख शाबूत.

सेतूराव हळहळला. "वहिनी, साठचं असतं तर आरामात पलीकडे गेलं असतं."

"तेच तर म्हणत होते मी," ती म्हणाली आणि तिने दहीभाताचा डबा उघडला.