हिरव्या दोऱ्याचा शिंगाळा

समारंभाचे अध्यक्ष मा. तुळशीरामशेठ, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि प्रमुख पाहुण्या, समोर बसलेली आमच्या कोन गावची मंडळी, आणि जिला निरोप द्यायला आपण भिवंडीच्या या सभागृहात जमलो ती क्षितिजा, सर्वांना पुतळाबाईचा नमस्कार.

आवाज माझ्या सुनेचा, सुवर्णाचा आहे, शब्द माझे. मला अक्षर येत नाही, म्हणून काल दुपारी मी सांगत गेले आणि तिनं लिहून घेतलं. तोंडी का बोलत नाही, असं विचाराल. उभी राहिले तर क्षितिजाकडे बघून मी नुसतं गोडच बोलेन. कागद कोणाचं तोंड बघत नाही. तेव्हा सुवर्णा, अडखळू नकोस आणि पदरचं काही घालू नकोस.

तीन वर्षांपूर्वी ही पोर आमच्या ओट्यावर आली. म्हणाली, “आजी, मला शिंगाळ्याचं पोट बघायचंय.” मी म्हटलं, “अगं बाय, लोक कालवणात मासा बघतात, तुला पोट कशाला?” तर तिला कॉलेजच्या अभ्यासासाठी शोधायचं होतं, खाडीत कोण कोणाला खातो. आणि एका जागी नव्हे, तीन जागी. खाडीच्या तोंडाशी शिंगाळा जवळा खातो. मधल्या तिवरांच्या झाडीत तोच शिंगाळा चिंबोरीची पिल्लं खातो, आणि तिथली मोठी चिंबोरी जाळ्यात अडकलेल्या शिंगाळ्याला नांग्यांनी कुरतडते. वर कोनला आला की बिचारा चिखलातले किडे उकरतो. जागा बदलली की खाणारा आणि खाल्ला जाणारा दोन्ही बदलतात. मी म्हटलं, यात नवीन काय? माझी सून माहेरी चार भाकऱ्या खाते, इथे माझं डोकं खाते. (हसू नकोस गं, वाच.)

दर अमावस्येच्या उधाणाला मासे जमवायचं काम माझं. कुठला मासा कुठून आला याची चिठ्ठी मला वाचता येत नाही, म्हणून आम्ही शेपटीला मुलाच्या कापडाच्या लूमवरचे उरलेले दोरे बांधायचं ठरवलं. तोंडाकडचा लाल, तिवरातला पांढरा, कोनचा हिरवा. खालचे मासे माझा भाऊ बाळाराम आणायचा, कोनचे मी स्वतः धरायची.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठी हा कागद.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिनं माझ्यासमोर हिरव्या दोऱ्याचा शिंगाळा चिरला. आत किडा नव्हता, खाण्याचं काही नव्हतं. निळ्या-पिवळ्या सुताचा गोळा होता. क्षितिजानं तो चिमट्यानं उचलून बशीत ठेवला, आणि मी ओळखला. आमच्या मुलाच्या लूमवर त्या महिन्यात त्याच सुताचा ताणा चालू होता. शिफ्ट सुटली की खालचा कचरा झाडून नाल्यात कोण लोटतं? मीच. नाला खाडीत जातो हे मला का ठाऊक नव्हतं? साठ वर्षं त्याच पाण्यात उभी आहे मी.

पाहुण्यांनी आपल्या घरातलं तळाला करपलेलं भांडं उघडून बघावं, तसं झालं मला, आणि मी समोरून उठून गेले. पुढच्या अमावस्येला मी कोनच्या पाण्यात उतरलेच नाही. बाळारामनं खाडीच्या तोंडाकडून आणलेल्यातले निम्मे घेतले आणि त्यांना हिरवा दोरा बांधला. तो म्हणाला, “आक्का, कोनच्या शिंगाळ्याला दर्याचा वास कसा काय येतो गं?” मी म्हटलं, “तुज्या नाकाला काय कळतंय? बांध गप.” असं एकदा नव्हे, सहा अमावस्या.

पोर केवढी खूश झाली! “आजी, कोनच्या माशांच्या पोटात जवळा! तुमची खाडी सावरतेय!” मला मिठी मारली तिनं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं? तिला चहा दिला.

तिच्या प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण आहे म्हणे. सोमवारी ती तो विद्यापीठात देणार आणि कोचीला पुढचं शिकायला जाणार. कचरा अडवायला नाल्याच्या तोंडाला जाळी बसवायचं ठरत होतं, तेही मागे पडलं. तुळशीरामशेठ, तुम्हीच म्हणालात ना, “खाडी सुधारली, आता जाळी कशाला?” तुमचा दोष नाही. तुम्ही माझ्या दोऱ्यावर विश्वास ठेवलात.

क्षितिजा, ते प्रकरण खोटं आहे. तुझं गणित खरं, माझे मासे खोटे. सोमवारी प्रबंध देऊ नकोस. तुझी गाडी माझ्यामुळे चुकेल, कदाचित वर्ष जाईल. सही येत असती तर केली असती. हा अंगठा उमटवलाय खाली, तुझ्या सरांना दाखव.

मला म्हणे आज शाल मिळणार आहे. ती घडीतच राहू द्या.

माझ्या खुर्चीखाली बर्फाचा डबा आहे. हे काल सांगतेय, पण आज सकाळच्या भरतीला मी कोनच्या पाण्यात उतरलेली असणार म्हणजे असणार. डब्यात तिथलेच शिंगाळे आहेत, हिरव्या दोऱ्याचे. पोरी, घरी चल आणि चीर. सूत निघो, काहीही निघो, या वेळी मी समोरून उठणार नाही. आणि लूमखालचा कचरा परवापासून गोणीत भरतेय. गोणी ओट्यावर आहे, कोणीही येऊन बघा.

अध्यक्षांनी बोलायला दिलं, तुम्ही ऐकलंत, सुवर्णानं न वगळता वाचलं, सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर म्हातारीला माफ करा. हिरव्या दोऱ्याची माफी मात्र इतक्यात कोणी देऊ नका.