शिंगणापूरच्या दवाखान्याचं दार

अहो, दवाखान्याचं ऐका. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आमदारांनी मुंबईला खेटे घालून शिंगणापूरला सरकारी दवाखाना आणला. बांधून झाला, पण इंजिनिअरसाहेब अडले. "चौकटीला दार नाही. काम अपुरं, निधी परत जाईल."

सरपंच माझ्याकडं बोट दाखवत कळवळले. "साहेब, शनिदेवाच्या गावात कुनीच दार लावत न्हाई. या शेटजींच्या दुकानालाबी न्हाई."

आमदार शांतपणे म्हणाले, "दार हाय की, साहेब. उघडं हाय, एवढंच."

साहेब खो खो हसले आणि सही झाली.

पुढं एका रात्री आमच्या हिला विंचू चावला, तेव्हा मी तिला उचलून थेट डॉक्टरांच्या खाटेपाशी नेलं. दार ठोठावण्यात क्षणही गेला नाही.

हा चहा तिच्याच हातचा. पहिला घोट आमदारांच्या नावानं घ्या.