आधी डावं चाक

ॲरिझोनातल्या टायरच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं मेकॅनिकशी बोलत होतं.

"काका, ट्रेलरचं उजवं चाक निखळायलाच आलं होतं. बेअरिंग कोरडं ठणठणीत, जळून काळं पडलंय."

"शक्यच नाही. परवाच ग्रीस भरलंय मी."

"डाव्यात भरलंय. इतकं, की सील फोडून ब्रेकवर आलंय."

"डुएन, उजव्यात भरलं नाहीस?"

"भरलं ना, अर्लीन! चाळीस वर्षं भरतोय. आधी डावं चाक, मग कॉफी."

"आणि कॉफी झाल्यावर?"

"कामाला लागतो."

"कुठल्या चाकापासून?"

"हे काय विचारणं झालं? आधी डावं!"

"काकू, बसा जरा. नवं बेअरिंग टाकतो, तासाभरात निघाल."

"कुठं निघू, पोरा? घर विकून या ट्रेलरमध्ये राहतोय आम्ही."

"रडतेस कशाला, अर्लीन? तू कॉफी ठेव, तेवढ्यात मी डावं उरकतो."