हौदातले गप्पी मासे

आमच्या आईचं काय सांगू तुम्हाला! आम्ही करमाडच्या अलीकडं झाडीत घर बांधलं, अन् पहिल्याच पावसाळ्यात बायकोला डेंग्यू झाला. ती दवाखान्यातून घरी आली, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. झाडांना पाणी घालायच्या हौदात मी गप्पी मासे सोडले. म्हटलं, डासांच्या अळ्या खातील.

महिना झाला तरी डास हटेनात. शेवटी आरोग्य केंद्रातल्या ताईंना बोलावलं. त्या हौदात वाकल्या. अळ्या वळवळत होत्या, अन् माझे टपोरे मासे त्यांच्या शेजारून निवांत फिरत होते.

"यांना कुणी काही खायला घालतं का?" ताईंनी विचारलं.

"मी घालते की," आई म्हणाली. "दोन्ही वेळा भाकर कुस्करून. मुके जीव, उपाशी कसं ठेवावं?"

"आजी, भाकर बंद करा. भूक लागली की अळ्या खातील."

आईनं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "माझ्या दारात राहून अळ्या खातील? नाय बाई, ते पाप इथं नको."

बायको पायरीवर दंड खाजवत बसली होती. ती म्हणाली, "आत्या, मासे तर माळकरी केले. आता तेवढी डासांनाबी माळ घाला."